महिन्याला किती पडतंय?

दिवाळीतल्या पाडव्याच्या दुपारी आमच्या लातूरच्या घरी सगळे जमले होते. पुण्याहून धाकटा भाऊ आणि त्याची बायको, औशाकडून आत्याचा पुतण्या, माझे यजमान आणि मी. आत्या आतल्या खोलीत कॉटवर. तिला ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही आवाज खाली घेऊन बोलत होतो. 'तिथं', 'त्या ठिकाणी', 'तशी काहीतरी सोय' असं चाललं होतं. वृद्धाश्रम हा शब्द कोणी तोंडातून काढत नव्हतं आणि पैशाचा विषय तर त्याहून नाही. अर्धा तास असाच गेला. मग आतून आत्याचा आवाज आला, चांगला खणखणीत:

"अगं माय, कवापासून काय कुजबुजायलाव? महिन्याला किती पडतंय ते तर सांगा."

आम्ही पाचही जण गप्प. भाऊ उठून आत गेला, तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आत्या, पैशाचं तू कशाला बघतीस? आम्ही आहोत ना." ती काही बोलली नाही. तोंड भिंतीकडे करून पडून राहिली. आम्हाला वाटलं, जायचं नाही म्हणून रुसली असेल. ती कशाने दुखावली होती हे कळायला मला पुढचे चार महिने लागले. त्या चार महिन्यांची खूण तिच्या माकडहाडावर अजून आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तेव्हा वय ७८. औसा तालुक्यात दिलेली. मामा, म्हणजे तिचे मालक, एसटीत ड्रायव्हर. मूलबाळ झालं नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा मामा मुक्कामी गाडीवर होते आणि आत्या घरात एकटी. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. दगडमातीच्या भिंतीखालून लोकांनी तिला ओढून काढलं. मग पत्र्याच्या शेडातले दिवस, मग पुनर्वसनातलं घर. २००९ साली मामा गेले, तरी त्या घरात ती एकटीने राहिली. दारात शेवगा लावला, शेताचा हिशेब स्वतः ठेवला, पोळ्याला माझ्या मुलांना बोलावून घेतलं. २०२२ च्या श्रावणात न्हाणीत पाय घसरला आणि खुबा मोडला.

शस्त्रक्रिया झाली, रॉड बसला, पण ती पुन्हा चालली नाही. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, तेही दोघांनी धरून. चौदा महिने ती आमच्याकडे होती. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. यजमानांची बायपास झालेली, त्यांना वजन उचलायची मनाई. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सकाळी साडेआठला बाहेर पडते ती सहाला परत. दिवसाच्या बारा तासांसाठी बाई ठेवली, महिन्याला ११ हजार. चौदा महिन्यांत सहा बाया झाल्या. कोणाची लेक बाळंतपणाला आली, कोणी गावाकडे खुरपणीला गेली, एकीची स्वतःचीच कंबर धरली. दर वेळी नवी बाई मिळेपर्यंत माझ्या रजा. एका सोमवारी बाई आलीच नाही आणि फोनही केला नाही. यजमान बँकेच्या कामाला गेलेले. संध्याकाळी मी दार उघडलं तर खोलीतला वास दारापर्यंत आला होता. आत्या अकरा वाजल्यापासून ओल्यात पडलेली. जवळचं लुगडं ओढून तिने कसंबसं अंगाखाली सरकवलं होतं. मी रडायला लागले तर तीच म्हणाली, "रडू नको. अन् शाळा सोडायचं डोक्यात आणू नको." मी खरंच तो विचार करत होते. नोकरीची सात वर्षं राहिली होती.

त्या रात्री मी ठरवलं की हे असं चालणार नाही. ठरवणं सोपं होतं, ते लोकांना सांगणं अवघड.

आपल्या बोलण्यात पोराला शाळेत 'घालतात', पेशंटला दवाखान्यात 'ठेवतात', लेक सासरी 'पाठवतात'. म्हाताऱ्या माणसाला वृद्धाश्रमात मात्र 'टाकतात'. दुसरं क्रियापदच नाही. लग्नात भेटलेल्या एका नातेवाईक बाईने भर पंगतीत विचारलं, "आत्याला टाकलं म्हणे तुम्ही?" पानातला घास तसाच राहिला. त्या बाईचे सासू-सासरे निलंग्याकडच्या खेड्यात एकटे आहेत, मुलं तीन आणि तिन्ही पुण्यात. सासऱ्यांना दिसत नाही. शेजारची एक मुलगी दोन वेळा भाकरी टाकून देते. मी हे तिला बोलून दाखवलं नाही आणि तिच्यावर माझा रागही नाही. आपल्याकडे माणूस स्वतःच्या घरात कितीही एकटा, कितीही उपाशी असला तरी त्याला टाकलेलं समजत नाहीत, एवढंच मला त्या वेळी लख्ख दिसलं.

माझी पहिली नेमणूक धारूर तालुक्यात होती. दिवाळी झाली की वाडीच्या वाडी ऊसतोडीला निघायची. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉल्या, त्यात भांडी, पांघरुणं, कोंबड्या, तान्ही पोरं. मागे उरायचे म्हातारे. उन्हाळ्यात टोळ्या परत येईपर्यंत तेच घर, तेच जनावर, तेच पाणी. शाळकरी पोरांसाठी सरकारने हंगामी वसतिगृहं काढली, ती मी स्वतः चालवली आहेत. म्हाताऱ्यांसाठी काय? माझ्या वर्गातला एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत घरी पळायचा. मला वाटायचं, खेळायला जातो. एकदा मागे गेले तर तो पोषण आहारातली खिचडी डब्यात नेऊन आजीला भरवत होता. आजीचे दोन्ही हात कापत होते, घास तोंडापर्यंत पोचत नव्हता. दहा वर्षांचं पोर. मराठवाड्यातलं म्हातारपण मी तिथं पाहिलं. म्हणून आत्यासाठी जागा शोधताना 'आपल्या संस्कृतीत हे बसत नाही' असं कोणी म्हणालं की माझ्याने ऐकून घेतलं जात नसे.

शोध सुरू केला तेव्हा पहिलं कळलं ते असं की बऱ्याच ठिकाणी अंथरुणाला खिळलेलं माणूस घेतच नाहीत. फोनवर पहिलाच प्रश्न, "चालत्या-फिरत्या आहेत का?" आपल्या हातांनी जेवणारा आणि स्वतः संडासला जाणारा म्हातारा सगळ्यांना हवा असतो. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिथून दोन-चार ठिकाणं कळली. सरकारने १९९५ साली जिल्ह्याजिल्ह्यात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली. पुढे २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दर जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय असावी असंही लिहिलं गेलं. पण निराधार वेगळं आणि अंथरुणावरचं वेगळं. आत्याला आधार होता. तिला हवे होते रात्री दोन वाजता कूस बदलणारे हात.

शेवटी शहराबाहेर एक जागा आम्हा सगळ्यांना पसंत पडली. महिना १८ हजार, अनामत ५० हजार. दारात बाग, मध्ये छोटं मंदिर, फरशी आरशासारखी. भावाने फोनवर फोटो पाहिले आणि लगेच अनामत पाठवली. खरं सांगायचं तर आम्ही ती जागा आत्यासाठी पाहिलीच नव्हती. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना काय दिसेल, एवढंच पाहिलं होतं. आत्याला बाग दिसणार नव्हती, तिची खोली मागच्या बाजूला होती. तिला आम्ही किती पैसे पडतात ते सांगितलं नाही, जागा दाखवली नाही, दुसरी कुठली पाहिली तेही सांगितलं नाही. डिसेंबरात एका रविवारी गाडीत बसवून घेऊन गेलो.

दर रविवारी मी जायचे. साडीऐवजी गाउन घातलेली आत्या बाहेर खुर्चीत आणून बसवलेली असायची, केस विंचरलेले, पावडर लावलेली. "कसं आहे?" विचारलं की "बरं हाय" म्हणायची. दोन महिने असे गेले. फेब्रुवारीत एकदा शाळेला अचानक सुट्टी मिळाली म्हणून मी बुधवारी संध्याकाळी सहाला गेले. जेवणं झालेली होती. साडेपाचलाच वाढतात, म्हणजे स्वयंपाकाच्या बायकांना उजेडी घरी जाता येतं. म्हणजे आत्या संध्याकाळी साडेपाचला दोन पोळ्या खाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या चहापर्यंत रिकाम्या पोटी. तिला दात नाहीत, पोळी चावत नाही. आयुष्यभर ज्वारीची भाकरी येसराच्या आमटीत कुस्करून खाल्लेली बाई. भाकरी का नाही, तर थापायला वेळ लागतो. रात्री किती जणी असतात विचारलं. बावीस माणसांना एक.

मी तिचा गाउन बदलायला घेतला तेव्हा ती म्हणाली, "मागून हळू." माकडहाडावर बंद्या रुपयापेक्षा मोठी जखम होती. कडा काळसर, मध्ये पिवळट, आणि खोल. माझं बोट थरथरलं. एका जागी दाबून पडून राहिलं की तिथलं रक्त थांबतं, कातडी मरते आणि मग आतलं मांस. ओलं डायपर असेल तर आणखी लवकर. दर दोन तासांनी कूस बदलली, कातडी कोरडी ठेवली, हवेची गादी घातली तर बहुतेक वेळा हे होत नाही. मला हे सगळं माहीत होतं, चौदा महिने मी तेच केलं होतं. आमच्या घरात, पाण्याच्या टंचाईत, सहा बायांच्या हाताखाली तिला एक ओरखडा पडला नव्हता.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"कुणाला सांगू? तुमचे किती पैसे चालल्यात ते मला कुठं ठाव? लई भरले असतील, कर्ज काढलं असंल, मग मी कसं म्हणू मला हितं नको."

पाडव्याच्या दिवशी तिने विचारलेल्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिलं नाही, त्याची किंमत ही होती. आकडा माहीत नसलेलं माणूस तक्रार करू शकत नाही. त्याला स्वतःचं ओझं सतत खऱ्याहून मोठं वाटत राहतं.

तिला तिथून काढलं. अनामतीच्या ५० हजारांची पावती आम्ही मागितली नव्हती, करारपत्रही केलेलं नव्हतं. हे कापलं, ते कापलं करत ३० हजार परत मिळाले. भांडायला माझ्यात त्राण नव्हतं. पुढच्या वेळी काय करायचं ते मात्र पक्कं झालं. संस्था कोणत्या नावाने आणि कुठे नोंदलेली आहे, महिन्याच्या रकमेत काय येतं आणि काय वेगळं, दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोण नेणार, मध्येच काढलं तर अनामतीतून किती परत, माणूस गेलं तर किती परत. हे शेवटचं विचारताना जीभ अडखळते. तरी विचारायचं आणि कागदावर घ्यायचं.

पण त्याआधी आत्याशी बोलायचं होतं. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिच्या कॉटजवळ वही घेऊन बसले. म्हटलं, "आत्या, सगळं सांगते. तू पण सगळं सांग." तिने कमरेची पिशवी सोडली. मी लहानपणापासून ती पिशवी पाहत आले आहे. तिच्यात काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. एसटीच्या पेन्शनचं पासबुक. मामांच्या पीएफ आणि ग्रॅच्युइटीतले बँकेत ठेवलेले, वाढत वाढत सहा लाख झालेले. आणि एका मल्टिस्टेट पतसंस्थेची दोन लाखांची पावती, घडीवर फाटत आलेली. ती संस्था बंद पडून कुलूप लागलेलं. जास्त व्याज देतो म्हणून गावातल्याच एजंटाने तिच्याकडून भरून घेतले होते. आमच्या भागात अशा कुलुपांसमोर उन्हात बसलेले म्हातारे मी पाहिले आहेत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. हे त्यांना भरताना कोणी सांगत नाही. तिने ती पावती माझ्यापासून दोन वर्षं लपवली होती, लाजेने. आम्ही तिच्यापासून आकडा लपवत होतो आणि ती आमच्यापासून.

मग आम्ही दोघींनी हिशेब मांडला. मामांमागे तिला मिळणारी पेन्शन १,९०० रुपये. सहा लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १२,३००, म्हणजे महिन्याला ४,१००. शेती तीन एकर, कोरडवाहू. निराधारच्या पगाराचा विचार झाला, पण महिना दीड हजाराच्या त्या अनुदानासाठी वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. तिचं तेवढं नव्हतं. ती म्हणाली, "ते ज्याला कुणी न्हाई त्याला राहू दे." सत्तरीच्या पुढच्यांना आता आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळतं, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरच्या खर्चाला. रोजची शुश्रूषा कुठल्याच कार्डात बसत नाही.

शेतीचा विषय आला तसा पुतण्याचाही आला. तीन एकर तोच कसतो आणि वर्षाला १२ हजार आणून द्यायचा. माझ्या सहकारी शिक्षिकेचे यजमान तहसिलीत आहेत, त्यांनी समजावून सांगितलं. नवऱ्याकडून आलेली जमीन, मूलबाळ नसेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर बाईच्या मागे नवऱ्याच्या वारसांकडे जाते. माहेरच्यांकडे नाही. आणि २००७ चा कायदा म्हणतो की निपुत्रिक म्हाताऱ्या माणसाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा पुढे ज्याला मिळणार आहे, त्याने ऐपतीप्रमाणे त्या माणसाचा चरितार्थ चालवायचा. अर्ज प्रांताकडे करायचा, वकील लागत नाही, ९० दिवसांत निकाल द्यावा, महिन्याला १० हजारांपर्यंत बांधून मिळू शकतात. मी उत्साहाने घरी येऊन आत्याला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कायदा चांगला हाय. पण मी माझ्या लेकराला कचेरीत उभं करणार न्हाई. बोलाव त्याला. मी बोलते."

तो आला. आत्याने त्याला कॉटवर शेजारी बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि सरळ विचारलं, "खरं सांग, किती निघतंय?" पाडव्याला आम्ही त्याच्याबद्दल मनात बरंच काही धरून होतो. तो वाईट माणूस नाही. दोन मुली लातूरला शिकवणीला, त्यांची फी भरून तोच वाकलेला. त्याने बोटांवर मोजून सांगितलं. सोयाबीन किती, हरभरा किती, बी-बियाणं, फवारणी, मळणी. अर्ध्या बटईने खर्च वजा जाऊन तिच्या वाट्याला वर्षाला ४० हजारांच्या आसपास येतात. त्याने मान खाली घालून कबूल केलं. पुढच्या वर्षापासून अर्धी बटई आणि एक पोतं ज्वारी, असं ठरलं. पुढच्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि त्याला आडतीवर ४,१०० मिळाले. तरी त्याने चिठ्ठ्यांसकट हिशेब आणून दिला.

बटईचे महिन्याला ३,३०० धरले. सगळे मिळून तिचे स्वतःचे ९,३०० झाले. ती बोटं मोडत परत परत तो आकडा म्हणत राहिली. "माझे मीच नऊ हजार भरते की," ती म्हणाली. मी तिचा चेहरा पाहत होते. चौदा महिने आमच्या घरात ती पाणी मागतानाही 'जमलं तर' म्हणायची.

दुसरी जागा आम्ही तिच्यासोबत शोधली. तिच्या अटी तीन. भाकरी पाहिजे, पेटीची किल्ली तिच्याकडे पाहिजे, आणि रस्ता दिसला पाहिजे. माझे प्रश्न वेगळे होते. मी आता संध्याकाळीच जायचे, न सांगता. रात्री किती जणी, जेवण किती वाजता, आणि लातुरात सगळ्यात आधी विचारायचा तो प्रश्न: उन्हाळ्यात पाणी कुठून? २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं हे गाव आहे. नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येतं. अंथरुणावरच्या माणसाला पिण्यापेक्षा धुण्याला पाणी जास्त लागतं. पाणी कमी पडलं की पहिली काटकसर चादरी आणि अंग पुसण्यात होते. एका ठिकाणच्या मालकाला मी टाकी दाखवा म्हटलं तर तो चिडला. आम्ही तिथून निघालो.

जी जागा मिळाली ती एका निवृत्त सिस्टरची. चौदा माणसं, जुनं दोन मजली घर, बाग नाही. स्वतःचा बोअर आणि मार्चपासून ठरलेला टँकर. रात्री दोघी. जेवण साडेसातला, झोपताना दूध. दिवे गेले तरी हवेच्या गादीचा पंप चालावा म्हणून इन्व्हर्टर. महिना १५ हजार, डायपर-औषधं वेगळी, त्याचे साडेतीन हजारांच्या आसपास. अनामत एका महिन्याची, पावतीसकट. मला पटलं ते भिंतीवरच्या कागदामुळे. प्रत्येक कॉटच्या डोक्याशी खिळ्याला अडकवलेला एक आखलेला कागद. रात्री १०, पाठ. १२, डावी कूस. २, उजवी कूस. ४, पाठ. प्रत्येक ओळीपुढे सही, काही ठिकाणी सहीऐवजी नुसती एक रेघ, कारण रात्रीच्या दोघींपैकी एकीला लिहिता येत नाही. दोन वाजताची रेघ जरा वाकडी होती, पेंगत ओढलेली. पण होती.

आत्याच्या जखमेला भरायला अडीच महिने लागले. सिस्टर रोज स्वतः सलाईनने धुवून ड्रेसिंग करायच्या आणि दर रविवारी मला पट्टी उघडून दाखवायच्या, काही न लपवता. आता तिथं गुळगुळीत, फिकट डाग आहे.

पैशाचं असं चाललंय. लागतात १८,५००, तिचे ९,३००, उरलेले ९,२०० भाऊ आणि मी निम्मे निम्मे. 'पैशाची काळजी करू नको' असं म्हणणं आम्ही सोडलं. दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच्या खात्यातून आपोआप येतात. वही आत्याच्या पेटीत असते आणि ती कोणालाही दाखवते. पुढे दर वाढतील, तिची तब्येत आणखी खालावेल तेव्हा ऑक्सिजन लागेल, माझी निवृत्ती येईल. त्याचाही हिशेब आम्ही तिच्यासमोरच करतो. ती म्हणते, शेत विकायचं नाही, पण वेळ आलीच तर एक एकर काढू. पुतण्याही हे ऐकतो. त्याला ते आवडत नसेल, पण तो उठून जात नाही.

पोस्टात खातं काढायला तिला व्हीलचेअरवर नेलं तेव्हाचं आठवतं. पायरीवरून दोन अनोळखी पोरांनी खुर्ची उचलून दिली. पेन्शनसाठी हयातीचा दाखला करतानाही असंच. यंत्रावर तिचा अंगठा उमटेना. साठ वर्षं खुरपं, विळा, चूल, भांडी. रेषा झिजून गेलेल्या. पाच-सहा वेळा पुसून पुसून दाबला. मग मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला निघतो ते कळलं. ती कॅमेऱ्यासमोर पदर डोक्यावर घेऊन ताठ बसली. फोनने डोळे मिटायला सांगितलं, तिने मिटले, उघडायला सांगितलं, उघडले.

गेल्या महिन्यात मी पैसे भरायला गेले. सिस्टरांच्या टेबलावर पावतीपुस्तक असतं, 'यांजकडून' असा छापलेला रकाना. सुरुवातीला मी भरायचे म्हणून माझं नाव लिहीत. तिसऱ्या महिन्यात आत्याने पावती हातात घेऊन विचारलं होतं, "हे कुणाचं नाव हाय?" तेव्हापासून तिचं लिहितात. तिला वाचता फारसं येत नाही, पण स्वतःच्या नावाचं वळण ओळखते. पावती डोळ्यांजवळ धरून तिने नावावरून बोट फिरवलं, घडी घालून पिशवीत ठेवली, पिशवी कमरेला खोचली. खिडकीतून औशाकडे जाणारी गाडी गेली, तिकडे बघितलं. मग मला म्हणाली,

"सोयाबीन काय चाललंय?"

"चार हजार तीनशे म्हणत होते सकाळी."

"मग त्याला फोन लाव. म्हणावं, इतक्यात काढू नको."